दोन्ही एकत्र चालत नाहीत!

आमच्या ऑफिसात काम रोजचं रोज संपायचं, किस्से मात्र साचत जायचे. आज सांगू, उद्या सांगू करता करता इतके साठले की आता एकाला हात लावला तर मागून सगळे घसरत येतात. तेव्हा चहा घ्या आणि बसा. मध्ये उठायचं नाही.

तेव्हा भिवंडीजवळ मानकोलीला शेतं बुजवून गोदामं उठत होती. अशाच एका गोदामाच्या डोक्यावर आमचं मेडिकल कोडिंगचं ऑफिस होतं. खाली प्लास्टिकच्या बादल्या, वर अमेरिकेतले आजार! तिथला डॉक्टर पेशंट तपासून जे काही लिहायचा, ते स्कॅन होऊन आमच्या कॉम्प्युटरवर यायचं. त्याला म्हणायचं चार्ट. आपण तो वाचायचा आणि प्रत्येक आजाराला जाडजूड पुस्तकातला नंबर द्यायचा. नंबर बरोबर असला की तिथल्या हॉस्पिटलचं बिल पास.

त्या पुस्तकात जागोजागी एक चौकट असायची. वर लिहिलेलं, 'एक्सक्लूड्स'. म्हणजे हा आजार लावलात तर तो लावायचा नाही. दोन्ही एकत्र चालत नाहीत. आमची अर्धी नोकरी या चौकटींशी भांडण्यात गेली, आणि भांडण्यात सगळ्यांच्या पुढे वंदना.

वंदना पाटील, जवळच्याच अंजूर गावची. बी.एस्सी. झालेली, नाकावर राग, आणि बोलायला लागली की खाडीच्या पलीकडे ऐकू जावं असा आवाज. बापाने नोकरीला पाठवलं ते एका अटीवर, लग्न ठरेपर्यंतच. वंदनाने मान हलवली होती. मला म्हणाली, "मान हलवली गं ज्योती, हो कुठं म्हटलं?" ती खुर्ची तिला सोडायची नव्हती. कुणासाठीही नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

*

ट्रेनिंगला हेड ऑफिसातून एक सर आले होते. भर मे महिन्यात, मानकोलीत, टाय लावून!

त्यांनी फळ्यावर 'एक्सक्लूड्स' लिहिलं आणि म्हणाले, "एकाच चार्टमध्ये कधीच येऊ शकत नाहीत, अशा दोन गोष्टी कोण सांगेल?"

वंदनाने हात वर केला. "जन्मापासून वाकडा पाय, आणि नंतर मार लागून वाकडा झालेला पाय."

"एक्सलंट!" सर खूश. "जन्मापासूनचं असेल तर नंतरचं नाही. नंतरचं असेल तर जन्मापासूनचं नाही. क्लिअर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वंदनाचा हात अजून वरच.

"पन सर, माझ्या काकाचा एक पाय जन्मापासून तिरपा हाय. नि दुसऱ्यावर गोदामात पेटी पडली. त्याला काय एकच पाय द्यायचा?"

सरांनी टाय सैल केला. "वेल... अशी केस फार रेअर असते."

"रेअर न्हाय सर. रिक्षानं अंजूरला येवा, दाखवते!"

ट्रेनिंग त्या दिवशी लवकर सुटलं. जाताना सर मला हळूच विचारत होते, की ही मुलगी कायम अशीच असते का. मी म्हटलं, "नाही सर, आज नवीन आहे म्हणून जरा दबून आहे."

*

आमच्यातला दुसरा नग म्हणजे शमीम. भिवंडीच्या जुन्या वस्तीतली, वडिलांचे कापडाचे लूम. तिच्या अब्बूंना कुणी विचारलं, की बेटी काय करते, तर छाती फुगवून सांगायचे, "अमरीका की बीमारी को नंबर देती है!" समोरच्याला काही कळायचं नाही, पण अमेरिका म्हटल्यावर तो आदराने बघायचा.

एकदा शमीमला सणकून ताप आला. गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. त्या डॉक्टरांची पद्धत अशी, की ताप म्हटलं की कागदावर सगळंच लिहून टाकायचं. ताप, व्हायरल, मलेरिया प्रश्नचिन्ह, टायफॉइड प्रश्नचिन्ह. चारांपैकी काहीतरी निघेलच!

शमीमने कागद वाचला आणि तापातसुद्धा तिच्यातली कोडर जागी झाली.

"डॉक्टर साहब, व्हायरल लिखा है तो ऊपर से बुखार अलग क्यों लिखा? वो तो उसी में आ गया. और ये सवालवाले दोनों हम लोग गिनते ही नहीं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. मागे बाकावर पेशंटांची रांग कान टवकारून बसलेली.

"अच्छा? तो फिर आप ही बता दीजिए आपको क्या हुआ है!"

शमीम म्हणाली, "मैं बता दूँगी साहब. पर फिर फीस भी मैं लूँगी!"

मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून सरळ शमीमकडे आली आणि तिने आपला हात पुढे केला, नाडी बघायला.

*

आता नायर सर. आमचे मॅनेजर. केरळचे, पण ठाण्यात जन्म गेलेला, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच. माणूस वाईट नाही. फक्त वरून फोन आला की यांचा कणा वाकायचा. मग आमच्यावर ओरडून तो पुन्हा सरळ करायचे!

पुस्तकात नॉर्मल डिलिव्हरीचा एक नंबर होता. मोठा मानी नंबर! तो लावला की बाळंतपणातल्या त्रासाचा दुसरा कुठलाही नंबर शेजारी चालत नाही. काही म्हणजे काही बिघडलेलं नसलं, तरच नॉर्मल.

एक चार्ट माझ्याकडे आला. बाई रात्रभर कळा देऊन बेजार झालेली, फाटलेलं, टाके घातलेले. आणि शेवटी डॉक्टरने काय लिहावं? 'नॉर्मल डिलिव्हरी'. मी टाक्यांचा नंबर लावला आणि नॉर्मल काढून टाकलं.

नायर सर आले तरातरा. "ज्योती, डॉक्टरने नॉर्मल लिहिलंय आणि तू काढलंस? परत लाव."

"मग टाके काढू का सर? दोन्ही एकत्र चालत नाहीत."

"टाके काय, छोटीशी गोष्ट. काढ."

माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. ती छोटीशी गोष्ट मला चांगलीच आठवत होती! बसायला उशी लागायची, आणि घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा वा, नॉर्मल झाली ना, सुटलीस! डोकं असं फिरलं माझं.

"सर, टाके पडले की नॉर्मल नसतं."

"अगं पण डॉक्टर म्हणतोय ना!"

"डॉक्टरला टाके पडले नव्हते!"

नायर सर तांबडे झाले, वळले आणि केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने केबिनमधून फोनवरचा आवाज आला. घरी लावला होता. बायकोला विचारत होते, "अगं, तुला आपल्या अनूच्या वेळी टाके पडले होते का?" पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण बराच वेळ येत होतं!

*

लाइटचं तर विचारूच नका. भिवंडीत लोडशेडिंग असं, की लूमवाल्यांनी लाइट यायच्या वेळेवर आपली झोप बेतलेली. आमचा जनरेटर सुरू व्हायला नखरे करायचा. हेड ऑफिसने मेल पाठवली, 'पॉवर कट आणि डेडलाइन मिस, हे कारण चालणार नाही.'

ती मेल आम्ही सगळ्यांनी वाचली. दोन दिवसांनी. लाइट आल्यावर!

*

डब्याचा किस्सा राहिलाच. हेड ऑफिसातून कुणी पाहुणे येऊन गेले आणि मागोमाग नोटीस आली. एसी ऑफिसात सुकी मच्छी आणू नये. एसी आणि सुकी मच्छी एकत्र चालत नाही म्हणे!

अरे, खाडीकाठच्या पोरी काय डब्यात ढोकळा आणणार? वंदनाच्या आईच्या हातचं सुकट म्हणजे काय चीज होती! कांदा, कोकम, वरून कोथिंबीर, आणि तांदळाची भाकरी. त्या वासाने खालचा गोदामाचा वॉचमन वर यायचा, "लाइट है क्या?" विचारत.

नायर सरांनी सगळ्यांना गोळा करून नोटीस वाचून दाखवली. वंदना उभी राहिली.

"एकत्र चालत न्हाय? मग एसी बंद करा!"

"वंदना, खाली बस."

"बसते. पन उद्या बोंबील आननार. सांगून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने खरंच डबा उघडला. बोंबलाचा वास एसीने कोपऱ्याकोपऱ्यात नेऊन पोचवला. केबिनचं दार उघडलं. नायर सर बाहेर. गेली हिची नोकरी, मला वाटलं!

सर टेबलापाशी आले, डब्यात वाकून बघितलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "नोटिशीत सुकी मच्छी म्हटलंय. याला तर रस्सा आहे."

आणि खुर्ची ओढून बसले.

*

पण हेच नायर सर एकदा वंदनाच्या मुळावर उठले होते. तो काळ वाईट गेला.

झालं काय, हिच्याकडे डायबेटिसचा एक चार्ट आला. डायबेटिसच्या दोन जाती. एक साधारण लहान वयात होणारी, इन्शुलिनशिवाय भागतच नाही अशी. दुसरी बहुतेकांना मोठेपणी होते ती. दोघींचे नंबर वेगळे, आणि एका माणसाला एकच. या चार्टच्या पुढच्या पानांवर पहिली जात लिहिलेली, मागच्या पानांवर दुसरी!

अशा वेळी नियम असा, की आपण मनाने ठरवायचं नाही. चार्ट होल्डवर टाकायचा आणि तिथल्या डॉक्टरला विचारायला पाठवायचं. वंदनाने होल्डवर टाकला. पण तिथून उत्तर येईपर्यंत तो आपल्या नावावर अडून राहतो. वंदनाचे असे बरेच अडलेले. ती डोळे झाकून काही लावायचीच नाही ना! आणि त्याच महिन्यात वरून हुकूम आला होता, ज्यांचे होल्ड जास्त, त्यांना प्रोजेक्टवरून काढा.

काढलं म्हणजे घरी. आणि वंदना घरी बसली की अंजूरच्या ओटीवर दुसऱ्याच दिवशी पाहुणे पोहे खायला हजर! हे तिलाही माहीत होतं.

नायर सर म्हणाले, "दुसरी जात टाक आणि मोकळी हो. जास्त लोकांना तीच असते."

"जास्त लोकांना असते म्हणून याला पन?"

"वंदना, तुझ्या भल्याचं सांगतोय. होल्ड काढला नाहीस, तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"नका वाचवू. पन खोटा नंबर मी न्हाय टाकनार."

संध्याकाळी अमेरिकेतून लिंडा मॅडमचा कॉल असायचा. आमचं काम तपासणारी बाई. स्पीकरवर तिने विचारलं, हा चार्ट कुणी अडवून ठेवलाय? नायर सर घसा खाकरून सांगायला लागले, की एक नवीन मुलगी आहे, जरा हट्टी आहे, आम्ही तिच्याबद्दल निर्णय घेतोय...

वंदना स्पीकरवर वाकली. तिचं इंग्रजी आमच्यासारखंच, पण आवाज अंजूरचा!

"मॅडम! वन पेशंट, टू डॉक्टर, टू डायबेटिस! यू टेल मी, विच डॉक्टर इज स्लीपिंग?"

नायर सरांनी डोळे मिटून घेतले. मग लिंडा मॅडम एवढंच म्हणाली, की मी बघते.

दोन दिवस वंदनाने आपला ड्रॉवर आवरून ठेवला होता. मी विचारलं, रडतेस का? तर म्हणाली, "हॅट! धूळ हाय." तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पेशंट एक नव्हताच! बाप आणि मुलगा, दोघांचं नाव एकच. त्यांच्याकडे म्हणे बापाचं नाव मुलाला ठेवतात. हॉस्पिटलने दोघांची पानं एकाच फाइलमध्ये घातली होती. पहिली जात मुलाची, दुसरी बापाची! मुलगा इन्शुलिनवर, बाप गोळ्यांवर, आणि कुणी एकाचं औषध दुसऱ्याला दिलं असतं म्हणजे? अंगावर काटा आला आमच्या.

नायर सर ती मेल घेऊन फ्लोअरवर आले. सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "म्हणूनच मी सांगत असतो, शंका आली की होल्ड करा!"

अख्ख्या फ्लोअरला एकदम खोकला आला.

*

आता शेवटचा. हा मी स्वतः डोळ्यांनी बघितलाय.

वंदनाचं लग्न ठरलं. मुलगा वडप्याचा, ट्रान्सपोर्टचा धंदा, स्वभावाने सरळ. बघायला आला तेव्हाच तिने चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधी विचारून घेतलं होतं, "माझी नोकरी चालू ऱ्हाईल. चालंल?" मुलगा म्हणाला, चालेल. त्याचे आईवडील म्हणाले, पोरगा म्हणतो तर चालेल. त्याचे मामा काही बोलले नाहीत. ते पोहे खात होते.

तिच्या बापाची अट लग्न ठरेपर्यंतची. लग्न ठरलं, तरी ही रोज सकाळी रिक्षात बसून ऑफिसात हजर. बाप काही बोलला नाही. थकला असेल बिचारा!

हळदीला आम्ही सगळे अंजूरला. मी, शमीम, आणि नायर सरसुद्धा, झब्बा घालून. दारात मांडव, बेंजोवाले गाणी वाजवून थकून सरबत पितायत, आत धवलारीण बाई लग्नाची गाणी, धवला, गातायत. वंदना पाटावर, पिवळी साडी, केस मोकळे. आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग त्यातली उष्टी हळद मुलीकडे येते, ती लागली की पुढचं सगळं. सगळे त्या हळदीची वाट बघत होते.

संध्याकाळी वडप्याहून गाड्या आल्या. उतरले ते मामा सगळ्यात पुढे, हातात हळदीची वाटी. मागे मुलाची मोठी बहीण, करवली म्हणून, आणि चारपाच बायका.

मामा पाटासमोर येऊन थांबले. वाटी खाली ठेवली नाही, कुणाच्या हातात दिली नाही. मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हळद लावायच्या आधी एक गोष्ट साफ करून टाकू. पोरगा भोळा हाय, हो बोलून बसला. पन आमच्या घरान्यात रीत हाय. घरची सून नि बाहेरची नोकरी, दोन्ही एकत्र न्हाय चालत. पोरीनं सगळ्यांसमोर बोलावं, का उद्यापासून ऑफिस बंद. मंग हळद लावू."

धवला मध्येच थांबला. वंदनाचा बाप मांडवाच्या खांबाला हात लावून उभा, मान खाली. तिची आई पदर तोंडाला लावून. शेजारी शमीम माझ्या कानात पुटपुटली, "या अल्लाह, यहाँ भी चौकट!" मी तिचा हात घट्ट धरला. मांडव भरलेला, जेवण शिजलेलं, पाहुणे बसलेले. अशा वेळी मुलीने हो म्हणायचं असतं. आम्ही सगळ्या जणींनी कधी ना कधी म्हटलेलं असतं!

वंदनाने मान वर केली. मामांकडे नाही, त्यांच्या हातातल्या वाटीकडे बघितलं.

"मामा," ती म्हणाली, अगदी शांतपणे, जो आवाज आम्ही ऑफिसात कधी ऐकलाच नव्हता, "हळद अजून वाटीतच हाय. परत न्यायची तर आत्ताच न्या. लावल्यावर निघत न्हाय."

मामा वाटी धरून उभे.

तेवढ्यात करवली पुढे झाली. मामांच्या हातातली वाटी काढून घेतली, त्यात चार बोटं बुडवली, आणि पहिली हळद लावली ती मामांच्याच गालाला!